पहिली चकमकीची रायफल घडवण्यासाठी कोणता किट घ्यावा?

आपण लिहिले आहे की आपण पेनसिल्व्हेनियात राहता, सुतारकामाचा हात आहे, आणि चकमकीची ठासणीची लाँगरायफल स्वतः जुळवून नाताळनंतरच्या फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीच्या बंदुकांच्या, हंगामात हरणाच्या शिकारीला न्यायची आहे. मात्र दुकानातला स्वस्त किट आणि हजार डॉलरच्या पुढे जाणारा किट यांत नेमका फरक कशाचा, हे कळत नाही. मी याच राज्यात बरीच वर्षे राहतो आणि या रायफली घडवण्याचा मला मनापासून नाद आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

थोडक्यात सांगायचे तर पहिल्या रायफलसाठी ओहायोतील जिम किबलर यांचा ‘वुड्सरनर’ किंवा ‘कलोनियल’ हा किट ५० कॅलिबरमध्ये, म्हणजे अर्धा इंच आतल्या व्यासाच्या नळीचा, घ्यावा. छिन्नी आणि कानस चालवण्यातच आपल्याला आनंद असेल आणि काम वर्षभर चालले तरी हरकत नसेल, तर नॉर्थ कॅरोलायनातील जिम चेंबर्स यांचा किट घ्यावा. स्वस्त किट मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामागचे पहिले कारण लाकूड किंवा पितळ नसून लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी यंत्रणा, हे आहे.

चकमकीच्या बंदुकीचा सगळा जीव लॉकमध्ये असतो. घोड्याच्या जबड्यात चामड्याच्या तुकड्यात धरलेली गारगोटी फ्रिझनच्या, म्हणजे समोरच्या उभ्या पट्टीच्या, पोलादी तोंडावर वरून खाली खरवडत उतरते, पोलादाचा बारीक कीस तापून त्याच्या ठिणग्या होतात, त्या खालच्या पात्रातल्या रंजकावर, म्हणजे पेट घेण्यासाठी ठेवलेल्या चिमूटभर दारूवर, पडतात, आणि रंजकाची आग नळीच्या कानातून, म्हणजे बाजूच्या बारीक छिद्रातून, आतल्या दारूपर्यंत पोहोचते. ही साखळी इतक्या थोड्या वेळात पूर्ण व्हावी लागते की नेम धरणाऱ्याला चाप ओढणे आणि बार उडणे या दोन वेगळ्या गोष्टी वाटता कामा नयेत. फ्रिझनला नीट पाणी दिलेले नसेल, मुख्य स्प्रिंग दुबळी असेल, किंवा घोडा आणि फ्रिझन यांचा कोन चुकलेला असेल, तर नळी कितीही उत्तम असली तरी हरीण समोर उभे असताना नुसता खट् असा आवाज होतो. अंधाऱ्या खोलीत, बंदूक पूर्ण रिकामी असताना आणि पात्रात रंजक नसताना लॉक झाडून पाहिले की त्याची प्रत लगेच कळते: चांगल्या लॉकच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या असतात, पात्राच्या तळाशी पडल्यावरही क्षणभर चुरचुरत राहतात, कच्च्या लॉकच्या ठिणग्या तांबूस असतात आणि हवेतच विझतात. किबलर आपले लॉक स्वतः बनवतात, तर चेंबर्स यांच्याकडचे सायलर लॉक कित्येक वर्षे कारागिरांच्या हाताखालून गेलेले आहे. या दोन्हींवर विसंबायला माझी हरकत नाही.

लॉकइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कानाची जागा. कान पात्राच्या मध्यावर आणि साधारणपणे पात्राच्या वरच्या कडेच्या रेषेत यावा लागतो. तो फार खाली गेला तर रंजकाखाली गाडला जातो, आणि मग आग झटकन आत जाण्याऐवजी वातीसारखी जळत जाते. नळीचे बूड लाकडी दस्त्यात कुठे टेकते आणि लॉकची खाच कुठे कोरली आहे, यांवर कानाची जागा ठरते. म्हणून ज्या किटमध्ये ही खाच सैल किंवा तिरकी कोरून येते, त्यात पुढे कितीही मेहनत घेतली तरी ती उणीव भरून निघत नाही. विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याला सरळ विचारावे की कान पाडून येतो की तो आपण पाडायचा आहे, आणि आपण पाडायचा असल्यास त्याचे अस्तर, म्हणजे कानात बसवायचा धातूचा तुकडा, सोबत मिळते का.

आता नळी. अठराव्या शतकात लँकेस्टर, रेडिंग आणि लीहाय खोऱ्यातल्या जर्मन वंशाच्या कारागिरांनी जी रायफल घडवली, तिची अष्टकोनी नळी बहुधा एकसारख्या जाडीची नसे: ती बुडाशी जाड, पुढे निमुळती आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेली असे. नळी बेचाळीस इंचांच्या आसपास लांब असूनही ती रायफल खांद्याला लावल्यावर हलकी वाटते, याचे श्रेय या आकाराला जाते. अशा कमीजास्त जाडीच्या नळीसाठी लाकडात हाताने पन्हळ कोरणे नवख्या माणसाचे काम नव्हे, आणि त्या पन्हळीखालून गोळी ठासण्याच्या गजासाठी हातभर लांब भोक पाडणे तर त्याहून अवघड, कारण दोन्हींच्या मध्ये लाकडाचा जेमतेम तीन मिलिमीटरचा पडदा उरतो आणि बरमा जरासा भरकटला की दस्ता वाया जातो. म्हणून किटमध्ये पैसे मोजायचे ते या दोन कामांसाठी. चेंबर्स यांच्या किटमध्ये ही दोन्ही कामे झालेली असतात आणि लॉकची खाचही बरीचशी कोरलेली असते. पितळी सामान बसवणे, खिळ्यांची भोके पाडणे आणि दस्त्याचा बाह्याकार काढणे आपल्याकडे राहते. किबलर यांचा दस्ता संगणकीय यंत्रावर इतका अचूक कापलेला येतो की बाह्याकारही जवळजवळ अखेरचाच असतो.

बाह्याकाराची बाब मला विशेष जिव्हाळ्याची वाटते. नवखा कारागीर लाकूड काढायला घाबरतो, आणि त्यामुळे बहुतेक पहिल्या रायफली जाडजूड, ओंडक्यासारख्या दिसतात. जुन्या रायफली प्रत्यक्षात किती सडपातळ असत, हे छायाचित्रांवरून कळत नाही. आपण याच राज्यात आहात, तेव्हा नाझरेथजवळ बोल्टन येथे असलेले पेनसिल्व्हेनिया लाँगरायफल म्युझियम किट मागवण्याआधी अवश्य पाहावे. लॉकभोवतीच्या लाकडाची कड आणि मनगटाची, म्हणजे चापामागच्या अरुंद भागाची, जाडी तिथे निरखून पाहिली की आपण काय घडवायला निघालो आहोत, याची नजर तयार होते.

स्वस्त किटविषयी एवढेच सांगतो की त्यांत पुष्कळदा दस्ता दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये पितळी पट्टी घालून सांधा झाकलेला असतो, जे मूळ रायफलींत नव्हते. चार-दोन आठवड्याअखेरी काम करून बंदूक तयार होते आणि निशाणाच्या मैदानावर ती चालतेही; पण तुम्हाला परंपरागत रायफल हवी आहे, आणि ती त्यातून मिळत नाही.

कॅलिबरबाबत फार विचार करू नये. या राज्याच्या फ्लिंटलॉक हंगामात हरणासाठी लांब बंदूक किमान ४४ कॅलिबरची असावी लागते, त्यामुळे ३२, ३६ आणि ४० हे खारी-सशांचे कॅलिबर आपोआप बाद होतात. ५० कॅलिबरला ४९० सहस्रांश इंचाची शिशाची गोळी आणि कापडी पट्टी सर्वत्र मिळते. कापडात गुंडाळलेल्या गोल गोळीसाठी नळीतल्या चऱ्यांचा पीळ मंद लागतो. साधारण ४८ ते ७० इंचांत एक फेरा असेल तर तो योग्य समजावा.

लाकडात लहरी रेषांचे महागडे मेपल पाहून मोह होतो, पण अशा लाकडात रेषेची दिशा क्षणोक्षणी बदलते आणि छिन्नीखाली कपचे उडतात. पहिल्या वेळी साधे मेपल घ्यावे. त्यावर लोहाच्या नायट्रेटचे द्रावण लावून गरम हवेच्या झोताने तापवले की आधी हिरवट दिसणारे लाकूड पाहता पाहता तांबूस तपकिरी होते, आणि वर जवसाचे तेल चढवल्यावर साध्या लाकडालाही खोली येते. आपण डावखुरे असाल तर मात्र डाव्या हाताचे लॉक कोणत्या किटबरोबर मिळते, हे सर्वांत आधी पाहावे, कारण तिथे निवड फार थोडी उरते; सायलर लॉक डाव्या हाताचेही मिळते. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचे अंतर बहुतेक किटमध्ये साडेतेरा इंचांच्या आसपास असते. आपली उंची कमी असेल तर ते आधीच कमी करून घ्यावे.

कायद्याविषयी: अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय कायद्यात अशी ठासणीची बंदूक ‘अँटिक’, म्हणजे पुरातन, धरून आधुनिक बंदुकांच्या नियमांतून वगळली जाते, परंतु राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि शेजारच्या न्यू जर्सीत तिला ही सूट नाही. आपण नागरिक नसून व्हिसावर असाल, तर किट मागवण्यापूर्वी वकिलाला विचारून घ्यावे. भारतात ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो आणि विनापरवाना बंदूक बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे ही रायफल किंवा तिचे सुटे भाग गावी नेण्याचा विचार करू नये. या बंदुकीत फक्त काळी दारूच भरायची असते. आधुनिक बिनधुराच्या दारूने नळी फुटू शकते. किट हाती आला की प्रथम नळीच्या बुडाचे बूच पक्के बसवलेले आहे ना, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे आणि मगच लाकडाला हात लावावा.