लाटणं कोणाच्या हातात? फराळाच्या दिवसांतले तुमचे प्रश्न

नवरात्र संपत आलं की या सदराची पेटी भरायला लागते. यंदा निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच सुरातले आहेत, घरात लहान मूल, तोंडावर दिवाळी आणि ओट्यापाशी कोणी उभं राहायचं यावरून ओढाताण. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, सहा निवडलेत, लांबलचक प्रश्न जरा कापलेत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी सव्वादोन. दिवाळीला सासूबाई सांगलीहून येतात, सगळा फराळ घरीच व्हायला हवा असं त्यांचं म्हणणं. माझी ना नाहीये पण मुलं सारखी पायात. मागच्या वर्षी मुलानी शंकरपाळ्यांच्या पिठात खेळायची क्ले मिसळली. मोबाईल देऊन बसवलं तर सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी मुलं मदत करायची. काय मदत देऊ यांना? – एक आई, कोथरूड

अगं, सासूबाईंचं खरंय, फक्त एक सांगायचं राहिलं त्यांचं, की त्यांच्या वेळी स्वयंपाकघरात चार बायका असायच्या, एक तळायला, दोघी लाटायला आणि एक नुसती पोरांकडे बघायला. तू एकटी आहेस, त्यामुळे सगळ्या पदार्थांत मुलांना घ्यायचं डोक्यातून काढून टाक. एकच पदार्थ त्यांचा, आणि तो शंकरपाळी. बाकी सगळं ती झोपल्यावर नाहीतर बाबांबरोबर खाली गेल्यावर.

शंकरपाळीच का, तर त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. १ वाटी दूध, १ वाटी तूप, १ वाटी साखर, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, कोमट झालं की चिमूटभर मीठ आणि मावेल तेवढा मैदा, साधारण साडेचार ते पाच वाट्या जातो. घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं. मुलांबरोबर करताना सगळं याच्या निम्मं घे, कारण त्यांचा उत्साह दोन पोळ्यांपुरता असतो, तिसऱ्या पोळीला त्यांना शू लागते.

आता काम कोणाला काय. सव्वादोनच्या मुलीला ओतायचं काम दे, तू मोजलेली वाटी तिनी परातीत उपडी करायची, सांडणार ते परातीतच. साडेचारचा मुलगा कातणं फिरवू शकतो. पोळी तू लाटून दे, जाडसर, ओटा त्याला उंच पडतो म्हणून पोळपाट सरळ जमिनीवर पेपर अंथरून ठेव, आणि पहिल्या दोन रेघा त्याच्या हातावर हात ठेवून मार. कातण्याचं चाक करकर आवाज करत जातं आणि मागे नागमोडी कड उमटते ना, ते बघून मूल जे गप्प होतं ते मोबाईलनीसुद्धा होत नाही. चौकोन वाकडे येतील, एखादा त्रिकोण येईल, एखादी पट्टीच्या पट्टी राहील. तळून डब्यात भर तशीच. आणि पाहुण्यांसाठी वेगळा "चांगला" डबा भरणार असशील तर निदान त्याच्यासमोर भरू नकोस.

क्लेचं म्हणशील तर मला त्याचीच बाजू पटते. गप्प बसावं म्हणून आपण कणकेचा गोळा हातात देतो, "घे, तू तुझी पोळी कर", आणि ती पोळी कोणी भाजतही नाही खातही नाही, ते त्याला बरोब्बर कळतं. मग त्याच्या लेखी कणीक काय आणि क्ले काय. जे काम द्यायचं ते खरं द्यायचं, त्याचं केलेलं ताटात आलं पाहिजे.

तळणाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. कढई मागच्या शेगडीवर, दांडा भिंतीकडे, आणि तळताना मूल स्वयंपाकघरात नाहीच. आमच्याकडे मुलगा पाच वर्षांचा असताना मदत म्हणून ओल्या हातानी शंकरपाळ्या उचलून लांबूनच तेलात टाकायला गेला होता, तेल असं काही उडालं की माझ्या मनगटावर डाग अजून आहे, त्याच्या डोळ्याला गेलं असतं तर काय, तो विचार मी आजही पूर्ण करत नाही. कधी भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग २० मिनिटं धरायचा, घड्याळ लावून. टूथपेस्ट, हळद, बर्फ, तूप काही लावायचं नाही. लहान मूल असेल किंवा फोड मोठा असेल तर स्वच्छ सुती कापड सैल टाकून सरळ डॉक्टर.

प्रश्न: गणपतीत तीन वर्षांच्या नातीनी नैवेद्याच्या आधीच मोदक उचलून खाल्ला. आमचे हे इतके चिडले की पोरगी रडून झोपली, सूनबाईही फुगली. आता दिवाळीतही हेच होणार. – एक आजी, सदाशिव पेठ

काकू, मोदक गणपतीचा आणि खाल्ला नातीनी, मला तर वाटतं पोचला तो. पण काकांना हे सांगून उपयोग नाही. तुम्ही पहिला घाणा निघाला की नैवेद्याचं लगेच वाटीत काढून, झाकून, देवाजवळ उंचावर ठेवा. मग नातीला खुशाल खाऊ द्या. आणि नैवेद्य दाखवताना घंटी तिच्या हातात द्या, काकांनी पाणी फिरवलं की तिनी वाजवायची. घंटी आपल्याशिवाय वाजणार नाही हे कळलं की तीच बाकीच्यांना म्हणते, थांबा, अजून नैवेद्य नाही झाला.

प्रश्न: मी आणि नवरा दोघंही हिंजवडीला, घरी यायला साडेआठ. फराळ पूर्ण विकतचा आणतो, घराजवळच्या एका काकूंकडून, छान असतो. पण मुली ६ आणि ३ वर्षांच्या आहेत आणि मला सारखं वाटतं की यांना मोठेपणी आईच्या हातचं काही आठवणारच नाही. सुट्टी काढून करू का? – एक वाचक, वाकड

नको काढूस. म्हणजे तुला करायची हौस असेल तर काढ, पण मनाला खातं म्हणून नको, चिडून केलेली चकली मुलींना आठवेल ती आईच्या चिडण्यामुळेच. काकूंचा फराळ आण, काकूंचंही घर चालतं त्यावर.

मला मुळात हे कळत नाही की मुलांना सणाचं शिकवायचं म्हणलं की सगळ्यांना दिवाळीच का आठवते. तळण, पाक, भाजणी, सगळं अवघड एकदम एका आठवड्यात, वर साफसफाई आणि ऑफिसचं क्लोजिंग. लहान मुलांना घेऊन करायचे सण वेगळेच आहेत आणि आपण ते पटकन उरकतो. नागपंचमी बघ. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, अशी आपल्याकडे रीत. म्हणजे सुरी नाही, गरम तेल नाही, तीन वर्षांच्या मुलीला घेऊन स्वयंपाक करायला वर्षातला याहून चांगला दिवस कुठला? पुरण आदल्या दिवशी करून ठेव, कणकेची जाडसर पुरी लाट, मधे पुरण, चारी बाजूंनी घडी, मोदकासारखं वाफवायचं, झालं दिंड. घडी घालायचं काम धाकटीसुद्धा करते, पाकीट बंद केल्यासारखं, आणि फुटलं तरी वाफेत फारसं कळत नाही. वर साजूक तूप. वाफवायचं भांडं मात्र गॅस बंद केल्यावर दहा मिनिटांनी त्यांच्यासमोर उघड, वाफेचा चटका तेलाइतकाच वाईट.

मग आषाढातली दिव्याची अमावस्या, गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेचे दिवे, अंगठ्यानी खळगा करायचा की दिवा तयार. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशीचा काला तर नुसता कालवायचाच, पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, भिजवलेली डाळ, डाळिंबाचे दाणे, आणि लिंबाच्या लोणच्याचा खार. खार विसरू नकोस, त्याच्याशिवाय काला म्हणजे दहीपोहे. भोंडल्याच्या खिरापतीला सहा वर्षांच्या मुलीला डब्यात काय ते गुपित ठेवायला सांग, तिला पोट दुखेपर्यंत ठेवता येणार नाही. कोजागिरीला थोरल्या अपत्याला ओवाळायचं असतं, त्या रात्री दुधात केशराच्या काड्या तिनीच टाकायच्या, मोजून.

हे सगळं उरलेल्या वेळात होतं आणि यातल्या कशालाच सुट्टी लागत नाही. दिवाळीत फक्त एक कर, पहिल्या अंघोळीच्या आदल्या रात्री काकूंचा फराळ मुलींना डब्यांत भरू दे, शेजारपाजारची ताटं त्यांनाच लावू दे आणि द्यायलाही त्याच जाऊ देत.

प्रश्न: मी बाबा आहे, घरात स्वयंपाक बहुतेक मीच करतो. मुलगी ७ वर्षांची, तिला सोऱ्या दाबायचाय. पण आमची चकली दर वर्षी दुसऱ्या दिवशी मऊ पडते, नाहीतर तेलात विरघळते. भाजणी विकतची. काय चुकतं? – पिंपळे सौदागर

दोन वेगळे आजार आहेत, एक औषध चालणार नाही. तेलात विरघळते म्हणजे मोहन जास्त झालं किंवा पीठ कमी मळलं. मऊ पडते म्हणजे आत कच्ची राहिली, बहुतेक तेल फार तापलेलं असतं, वरून लगेच तांबूस होते, आपल्याला वाटतं झाली, काढतो. कढईतले बुडबुडे बघा, रंगावर जाऊ नका. चकली टाकल्यावर धो धो बुडबुडे येतात, ते म्हणजे आतलं पाणी बाहेर पडतंय, ते जवळपास थांबेपर्यंत मध्यम आचेवर ठेवायची. आणि गार झाल्याशिवाय डबा बंद नाही.

प्रमाण, आमच्याकडचं: १ वाटी भाजणीला १ वाटीला थोडं कमी पाणी, १ मोठा चमचा तेल, तिखट, मीठ, हिंग, तीळ, ओवा. पाणी तेल घालून उकळायचं, गॅस बंद, मग भाजणी घालून ढवळून झाकायचं, आणि कोमट झालं की पाण्याचा हात लावत चांगलं मळायचं, अगदी मऊ. एकदा भाजणीही घरी करून बघा, ४ वाट्या तांदूळ, २ हरभरा डाळ, १ उडीद डाळ, अर्धी मूग डाळ, अर्धी पोहे, पाव वाटी धने, दोन चमचे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सावलीत वाळवायच्या, मग एकेक वेगळं मंद आचेवर भाजायचं. लेकीला भाजलेल्या डाळीचा वास घ्यायला बोलवा, कधी थांबायचं ते नाकालाच कळतं.

सोऱ्याचं म्हणाल तर सात वर्षांच्या मुलीला गोल फिरवणाराच द्या, दाबायचा सोऱ्या तिच्या दंडाला झेपत नाही. चकली सरळ तेलावर पाडायची नाही, प्लॅस्टिकच्या कागदाच्या चौकोनी तुकड्यांवर पाडायची, एका तुकड्यावर एक. शेवटचं टोक चिकटवायचं काम तिचं. कागदावरून हातावर आणि हातावरून तेलात, ते तुमचं.

प्रश्न: बाळाची पहिली दिवाळी, १० महिन्यांचं आहे. घरी सगळे म्हणतात लाडू चाटव, मध चाटव. – हडपसर

मध नाही. एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातून बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, थेंबभरही नको. साखर, मीठही वरून नको, म्हणजे लाडूही नकोच. त्याला वरणभात तूप घालून. चिवड्यातले शेंगदाणे, काजू मात्र बाळाच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात, आणि हे चार-पाच वर्षांपर्यंत पाळायचं, मोठं भावंड "घे बाळा" म्हणून भरवतं तिथे जास्त लक्ष ठेवा. बाकी नातेवाइकांना डॉक्टरांचं नाव सांगा, आपलं कोणी ऐकत नाही.

प्रश्न: सहा वर्षांच्या मुलाला किल्ला करायचाय. फ्लॅट सहाव्या मजल्यावर, खाली सोसायटी माती टाकू देत नाही, मागच्या वर्षी नोटीस लावली होती. तयार प्लॅस्टरचा आणू का? – बाणेर

तयार किल्ला आणून मूल करणार काय, बघत बसणार? बाल्कनीत जुना मोठा ट्रे किंवा कुंडीखालच्या दोन थाळ्या घ्या, खाली प्लॅस्टिक, वर पालथे डबे आणि विटांचे तुकडे, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका, डोंगराचे चढउतार आपोआप पडतात आणि मातीही कमी लागते. माती नर्सरीतून एक पिशवी आणा. मावळे आणायला कसब्यातल्या कुंभारवाड्यात मुलाला घेऊन जा, निवडायला तास लावेल, लावू दे, तुळशीबाग जवळच आहे तिथे भातुकलीतलं पोळपाट-लाटणंही घ्या, मुलगा आहे म्हणून काय झालं.

कुठला किल्ला ते आधी ठरवा आणि जमलं तर एका रविवारी बघून या. २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात आपल्या पुणे जिल्ह्यातले राजगड, शिवनेरी, लोहगड आहेत. सिंहगड नाही, हे ऐकून आमच्या नातवानी मुद्दाम सिंहगडच केला, वर पिठलं-भाकरीची टपरीसुद्धा मांडली, कणकेची भाकरी करून. दोन दिवसांत मुंग्या लागल्या.

हिरवळीला हळीव. किल्ला दिवाळीच्या चार-पाच दिवस आधी उभा करा, म्हणजे वसुबारसेपर्यंत कोंब दिसतील. माती नुसती ओलसर ठेवायची, बाटलीनी पाणी शिंपडायचं, मगनी ओतलं तर बुरूज बसतो. आणि हळिवाची अख्खी वाटी मुलाच्या हातात देऊ नका, चिमटीचिमटीनी द्या. आमच्याकडे ती सगळी एकाच बुरुजावर पडली होती, गड बोडका आणि बुरुजावर जंगल.