मूकपटाला दोघांनी वाजवताना

मूकपट चालू असताना त्याला थेट संगीत पहिल्यांदाच वाजवताय, तर सिंथला (सिंथेसायझरला) हात लावण्याआधी फिल्म दोन-तीनदा नुसती बघा. कुठे प्रकाश बदलतो, कुठे बराच वेळ काहीच घडत नाही, एवढंच वहीत टिपा.

मग प्रत कोणत्या वेगाने चालणार ते आयोजकांना विचाराच. सेकंदाला 18 फ्रेमने 20 मिनिटं चालणारी फिल्म 24 ने लावली की 15 मिनिटांत संपते. आम्ही एकदा असेच तोंडघशी पडलो: पडदा काळा झाला आणि आमचा शेवटचा भाग सुरूही झाला नव्हता. तेव्हापासून आम्ही खुणा घड्याळावर नाही, दृश्यांवर ठेवतो.

प्रत्येक कटवर आवाज बदलायचा मोह होईल. आवरा. प्रायोगिक मूकपटात कधीकधी एका सेकंदात चार-पाच कट असतात. त्यांच्यामागे धावलात तर कार्टूनचं संगीत होतं. त्यापेक्षा एक ड्रोन, म्हणजे न थांबता चालणारा एकच लांब सूर, दोन-तीन मिनिटं धरून ठेवा, वरचं चित्र बदललं की तोच सूर वेगळा ऐकू येतो.

खालचे सूर एकाने सांभाळा, वरचे दुसऱ्याने. दोघांनी एकदम बास वाढवला की नुसता चिखल.

आणि लॅपटॉपचा उजेड कमी करा हो, पडद्यापेक्षा तुमचेच चेहरे जास्त दिसतात.