वाचकांचे प्रश्न : सामायिक जाळे आणि व्हिडिओची वेळ

मागील अंकात एकच व्हिडिओ कमी-अधिक दर्जाच्या अनेक प्रतींत कसा तयार ठेवतात, याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. हे सर्व प्रश्न, मार्ग सगळ्यांचा एकच असताना कोणाचा डेटा केव्हा आणि कुठून पाठवावा, या एकाच पेचाशी येऊन थांबतात.

प्रश्न : माझ्या जोडणीचा वेग तपासला की तो नेहमी पुरेसा दिसतो. तरीही रात्री नऊच्या सुमारास चित्रपट अडखळतो आणि चित्र धूसर होते. तोच चित्रपट पहाटे लावला तर विनाअडथळा चालतो. दोष नेमका कुठे शोधावा?

उत्तर : वेग मोजणारी चाचणी बहुतेक वेळा आपल्या इंटरनेट सेवादात्याच्याच जाळ्यात असलेल्या किंवा त्याच्या अगदी जवळच्या सर्व्हरशी बोलते. त्यामुळे ती आपले घर आणि सेवादाता यांमधल्या वाटेविषयी खरे सांगते, पण त्यापुढच्या वाटेविषयी काहीच सांगत नाही. चित्रपट दूरच्या सर्व्हरवरून येत असेल, तर तो अशा दुव्यांवरून येतो जे हजारो घरांनी वाटून घेतलेले असतात. या दुव्यांची क्षमता सर्व ग्राहकांच्या वेगांची बेरीज करून ठरवत नाहीत. सगळे जण एकाच क्षणी पूर्ण वेग वापरणार नाहीत, या गृहीतकावर ती ठरते. हे गृहीतक टेलिफोनच्या काळापासून चालत आले आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी १९०९ साली फोन येण्याच्या यादृच्छिकतेचे गणित मांडले, आणि किती मार्गिका ठेवल्या म्हणजे पुरेल याचा विचार त्यानंतर अंदाजाऐवजी संभाव्यतेच्या आधारे होऊ लागला. फोनवरची संभाषणे मात्र दिवसभर बरीच विखुरलेली असतात, तर चित्रपट पाहणारे लोक दिवसाच्या त्याच दोन-तीन तासांत एकत्र येतात.

आता थोडा हिशेब करू. प्रतिसेकंद ५ मेगाबिट दराने दोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे ४.५ गिगाबाइट डेटा. १ गिगाबिट क्षमतेच्या सामायिक दुव्यावर असे २०० प्रेक्षक आले की दुवा भरला. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाबरोबर सगळ्यांचाच वाटा घटतो, आणि आपला प्लेअर ते ओळखून खालच्या दर्जाची प्रत मागू लागतो. तुम्हाला दिसणारे धूसर चित्र ते हेच. याच २०० जणांनी एकच चित्रपट पाहिला, तर त्या दुव्यावरून तेच ४.५ गिगाबाइट २०० वेळा, म्हणजे एकूण ९०० गिगाबाइट जातात. त्याऐवजी दुव्याच्या अलीकडे, प्रेक्षकांच्या बाजूला, त्याची एक प्रत आधीच आणून ठेवली, तर दुव्यावरून तो एकदाच जातो. शिवाय ती प्रत मध्यरात्रीनंतरच्या सहा निवांत तासांत आणली, तर त्यासाठी प्रतिसेकंद जेमतेम १.७ मेगाबिट पुरतात. अशा जवळच्या साठ्याला कॅशे म्हणतात. नेटफ्लिक्सने २०१२ साली सुरू केलेली 'ओपन कनेक्ट' ही व्यवस्था याच तत्त्वावर चालते : सेवादात्यांच्या जाळ्यात सर्व्हर बसवायचे, उद्या काय पाहिले जाईल याचा अंदाज घ्यायचा आणि कमी गर्दीच्या वेळी तो माल तिथे भरून ठेवायचा.

मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. कॅशेमुळे अंतर वाचते असे आपण सहज म्हणतो, पण त्याहून मोठा लाभ असा की वाहतूक एका वेळेवरून दुसऱ्या वेळेवर सरकवता येते. रात्री नऊची गर्दी पहाटे तीनच्या रिकाम्या तारेवर ढकलता आली, तर नवी तार टाकण्याची गरज बरीच लांबणीवर पडते. हे सरकवणे शक्य झाले नाही, तर दर्जा कमी करणे एवढाच तातडीचा उपाय उरतो. मार्च २०२० मध्ये घरबंदीमुळे ताण वाढला, तेव्हा युरोपीय संघाच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने तेथील प्रवाहांचा बिटदर, म्हणजे दर सेकंदाला पाठवायचा डेटा, ३० दिवसांसाठी कमी केला आणि त्यामुळे आपली वाहतूक सुमारे २५ टक्क्यांनी घटेल असे सांगितले होते.

तुमच्या बाबतीत मात्र एक तपासून पाहावे. रात्री नऊ वाजता वेगाची चाचणीही मंद येत असेल, तर कोंडी घर आणि सेवादाता यांच्यातच आहे. तिथे सेवादात्याच्या जाळ्यातला कॅशे उपयोगी पडणार नाही, कारण कोंडी त्याच्या अलीकडे आहे. चाचणी उत्तम येत असेल आणि एकाच ठिकाणचे व्हिडिओ अडखळत असतील, तर दोष पुढे आहे.

प्रश्न : साठ्याला मर्यादा असते, मग काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हे कोण ठरवते?

उत्तर : याचे आदर्श उत्तर १९६६ सालीच मिळाले होते. आयबीएममधील लास्लो बेलादी यांनी संगणकाच्या स्मृतीसंबंधी लिहिताना दाखवले की, जी वस्तू पुन्हा सर्वांत उशिरा लागणार आहे ती काढावी. अडचण इतकीच की त्यासाठी भविष्य माहीत असावे लागते. म्हणून व्यवहारात भूतकाळावरून अंदाज बांधतात : बराच काळ कोणी न मागितलेली वस्तू काढा, किंवा मोजक्याच वेळा मागितलेली काढा, किंवा या दोन्ही कसोट्यांचा मेळ घाला.

हा अंदाज बऱ्यापैकी साधतो, कारण लोकांची मागणी फार विषम असते. समजा, १०,००० व्हिडिओ आहेत आणि क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकाला पहिल्याच्या निम्मी, तिसऱ्याला एकतृतीयांश, अशी मागणी आहे. मग पहिले १०० व्हिडिओ, म्हणजे फक्त एक टक्का, साठवले तरी सुमारे ५३ टक्के मागण्या भागतात. साठा दहापट करून १,००० व्हिडिओ ठेवले, तर हे प्रमाण सुमारे ७६ टक्क्यांपर्यंतच जाते. पहिला छोटा साठा फार मोलाचा असतो आणि पुढची प्रत्येक वाढ उत्तरोत्तर महाग पडते. म्हणूनच एकाच जागी प्रचंड गोदाम उभारण्याऐवजी प्रेक्षकांजवळ लहान साठे, त्यांच्या मागे थोडे मोठे साठे आणि सर्वांत मागे मूळ सर्व्हर, अशी उतरंड रचतात.

आणखी एक साधा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एकदाच मागितले जाणारे आणि पुन्हा कधीही न लागणारे व्हिडिओ असंख्य असतात. ते पहिल्याच मागणीला साठवले, तर खरोखर उपयोगाचे काहीतरी बाहेर फेकले जाते. त्यामुळे अनेक ठिकाणी एखादी वस्तू दुसऱ्यांदा मागितली गेल्यावरच साठ्यात घेतात.

प्रश्न : थेट प्रक्षेपण आधी साठवता येत नाही, मग तिथे कॅशे निरुपयोगी ठरतो का?

उत्तर : नाही. थेट प्रक्षेपणही साधारणतः दोन ते दहा सेकंदांच्या तुकड्यांतच जाते, आणि तुकडा तयार झाल्याक्षणी तो साठवण्याजोगा होतो. हजार प्लेअरनी एकाच क्षणी तोच तुकडा मागितला, तर चांगला कॅशे मूळ सर्व्हरकडे एकच मागणी पाठवतो, बाकीच्यांना क्षणभर थांबवतो आणि आलेला तुकडा सर्वांना देतो. हे न केल्यास एका लोकप्रिय सामन्याच्या प्रत्येक नव्या तुकड्यासरशी मूळ सर्व्हरवर मागण्यांची लाट आदळते. याची किंमत विलंबात मोजावी लागते : तुकडा सहा सेकंदांचा असेल आणि प्लेअर तीन तुकडे हाताशी ठेवूनच सुरुवात करत असेल, तर प्रेक्षक किमान अठरा सेकंद मागे असतो.

एकच प्रवाह पाठवून राउटरनीच त्याच्या प्रती कराव्यात, ही बहुप्रेषणाची कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांनी मांडली आणि १९८९ साली तिचे मानकही लिहिले गेले. एकाच व्यवस्थापनाखालच्या जाळ्यांत, विशेषतः दूरचित्रवाणी वाहिन्यांसाठी, ती आजही उपयोगात आहे. खुल्या इंटरनेटवर मात्र ती रुजली नाही.

प्रश्न : आमच्या वसतिगृहात चाळीस जण एकाच जोडणीवर आहेत. कोणाच्या तरी लॅपटॉपचे अद्ययावतीकरण सुरू झाले की बाकीच्यांचे व्हिडिओ वर्ग तुटतात. क्षमता वाढवून घ्या, असे आम्हाला सांगण्यात आले. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आधी करून पाहावा, असे माझे ठाम मत आहे, कारण मोठे डाउनलोड मिळेल तेवढी क्षमता व्यापतेच, मग ती दुप्पट का असेना.

पहिले काम राउटरवरचे. वर्ग तुटण्याचे कारण बहुधा असे असते की डाउनलोडची पॅकेटे, म्हणजे डेटाचे छोटे गठ्ठे, उपकरणातील लांबलचक रांगेत साचतात आणि वर्गातल्या आवाजाचे लहानसे पॅकेट त्या रांगेच्या शेपटाशी अडकते. प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देऊन पाळीपाळीने पाठवण्याची कल्पना १९८० च्या दशकातली आहे, तर रांगेत पॅकेट फार वेळ थांबू लागले की पाठवणाऱ्याला वेळीच आवरणारी 'कोडेल' ही पद्धत २०१२ साली आली. या दोन्हींचा मेळ घालणारी 'एफक्यू-कोडेल' ही व्यवस्था आज अनेक राउटरमध्ये असते, फक्त ती चालू करावी लागते. राउटरला दिलेली वेगमर्यादा प्रत्यक्ष जोडणीपेक्षा किंचित कमी ठेवावी, नाहीतर रांग तुमच्या राउटरऐवजी पलीकडे सेवादात्याकडे साचते आणि तिथे तुमचा अधिकार चालत नाही.

दुसरे काम वेळेचे. वर्गातल्या आवाजाला काही दशांश सेकंदांची मुदत असते, व्हिडिओच्या पुढच्या तुकड्याला काही सेकंदांची, आणि अद्ययावतीकरणाला बहुतेक वेळा उद्या सकाळपर्यंतची. ज्याची मुदत आधी संपते ते आधी पाठवावे, हा वेळापत्रकाचा जुना नियम येथे तंतोतंत लागू पडतो. म्हणून अद्ययावतीकरणे रात्री उशिरा व्हावीत, अशी व्यवस्था सर्वांनी मिळून करावी. स्वतःहून मागे सरणारी 'लेडबॅट' नावाची पद्धतही आहे. २०१२ च्या तिच्या मानकानुसार तिच्यामुळे रांगेत वाढणारा विलंब १०० मिलिसेकंदांच्या पुढे जाऊ लागला की ती आपला वेग कमी करते. मात्र राउटरवरची 'एफक्यू-कोडेल' व्यवस्था विलंब तितका वाढूच देत नाही, त्यामुळे तिथे लेडबॅटला मागे सरण्याची खूण मिळत नाही आणि ती इतरांसारखाच वाटा घेते. म्हणून दोन्ही एकत्र असतील, तर वेळापत्रकावरच अधिक भर द्यावा.

तिसरे, तेच अद्ययावतीकरण चाळीस वेळा बाहेरून आणू नये. विंडोजमधील 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आणि मॅकओएसमधील 'कंटेंट कॅशिंग' या सोयी एकदा आणलेली प्रत त्याच जाळ्यातील इतर यंत्रांना देतात. व्हिडिओसाठी असा खासगी साठा तुम्हाला ठेवता येणार नाही, कारण आता जवळपास सर्व वाहतूक सांकेतिक आवरणात येते आणि मधल्या पेटीला आत काय आहे ते दिसत नाही. गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे. त्यामुळे व्हिडिओचा कॅशे आता प्रसारकाच्या संमतीनेच चालतो.

प्रश्न : प्रत्येक प्रेक्षकाने वेगळे काही साठवले, तर सर्वांचाच लाभ होतो, असे ऐकले. हे कसे शक्य आहे?

उत्तर : हा शोध मोहम्मद अली मद्दाह-अली आणि उर्स नीसेन यांचा असून तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. दोन प्रेक्षक आणि 'क' व 'ख' असे दोन चित्रपट घ्या. प्रत्येकाकडे एका चित्रपटाएवढी जागा आहे. निवांत वेळी पहिल्याने दोन्ही चित्रपटांचे पहिले अर्धे भाग साठवले आणि दुसऱ्याने दोन्हींचे दुसरे अर्धे. रात्री पहिल्याने 'क' मागितला, दुसऱ्याने 'ख'. पहिल्याला 'क'चा दुसरा भाग हवा, दुसऱ्याला 'ख'चा पहिला. आणि प्रत्येकाला हवा असलेला भाग दुसऱ्याकडे आहे. प्रसारक या दोन भागांची बिटागणिक, हातचा न धरता, बेरीज करतो आणि ती एकच बेरीज दोघांना ऐकू जाईल अशी पाठवतो. प्रत्येक जण आपल्याजवळचा भाग त्यातून वजा करतो आणि उरते ते त्याला हवे असलेलेच. दोन अर्ध्या भागांऐवजी एकाच अर्ध्यात काम झाले.

प्रेक्षक वाढले की लाभ थक्क करणारा होतो. ३० प्रेक्षकांनी प्रत्येक चित्रपटाचा निम्मा भाग साठवला आणि सगळ्यांनी वेगवेगळे चित्रपट मागितले, तर साध्या पद्धतीत १५ चित्रपटांएवढा डेटा पाठवावा लागतो, आणि या पद्धतीत एका चित्रपटाहूनही थोडा कमी. पण त्यासाठी प्रत्येक चित्रपटाचे १५,५१,१७,५२० तुकडे करावे लागतात. ४.५ गिगाबाइटच्या चित्रपटाचा एक तुकडा त्यामुळे सुमारे २९ बाइटांचा होतो, आणि तो कोणाचा, कितवा, हे सांगणारी खूणच त्याच्या आकाराशी स्पर्धा करू लागते. शिवाय सर्वांच्या मागण्या एकाच वेळी याव्या लागतात, आणि प्रत्येकाला वेगळ्या किल्लीने बंद केलेला प्रवाह असेल तर ही बेरीज उपयोगाचीच राहत नाही. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो : सहा-सहा प्रेक्षकांचे पाच गट केले, तर प्रत्येक चित्रपटाचे फक्त २० तुकडे पुरतात, आणि एकूण १५ ऐवजी पावणेचार चित्रपटांएवढा डेटा पाठवून सर्व ३० जणांची मागणी भागते.