इंग्लंडमध्ये स्वयंपाकघर वाढवायला आणि बागेत खोली बांधायला परवानगी लागते का?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमधील आपल्या सेमी-डिटॅच्ड (एका बाजूने शेजारच्या घराला जोडलेल्या) घराचे स्वयंपाकघर मागच्या बाजूने वाढवायचे आहे आणि बागेच्या टोकाला आईवडिलांना राहण्यासाठी वेगळी खोली बांधायची आहे; दोन्हींना प्लॅनिंग परमिशन (बांधकामाची सरकारी परवानगी) लागत नाही असे बिल्डर सांगतो, तर त्याच्यावर विसंबून काम सुरू करावे का? माझे मत आहे की करू नये. स्वयंपाकघराबाबत त्याचे म्हणणे कदाचित बरोबर ठरेल, पण खोलीबाबत ते बहुधा चुकीचे आहे.

परवानगीशिवाय करता येणाऱ्या बांधकामाला तिथे 'परमिटेड डेव्हलपमेंट' म्हणतात आणि त्याचे नियम 2015 च्या आदेशात दिलेले आहेत. मागच्या बाजूची एकमजली वाढ शेजारच्या घराला जोडलेल्या घरासाठी 3 मीटरपर्यंत आणि सुट्या घरासाठी 4 मीटरपर्यंत चालते. तिची उंची 4 मीटरपेक्षा जास्त नसावी आणि हद्दीपासून 2 मीटरच्या आत बांधकाम असल्यास छपराची वळचण 3 मीटरच्या वर जाऊ नये. हे आकडे बहुतेकांना ठाऊक असतात. ते कुठून मोजायचे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. मोजणी 'मूळ घरा'च्या मागच्या भिंतीपासून होते, आणि मूळ घर म्हणजे 1 जुलै 1948 रोजी होते तसे, किंवा त्यानंतर बांधलेले असल्यास प्रथम बांधले गेले तसे घर. आधीच्या मालकाने केलेली वाढ आपल्याच हिशेबात धरली जाते.

मी स्वतः इथेच अडकणार होतो. आमच्या घराला आधीच्या मालकाने मागे 2 मीटरची खोली जोडलेली होती आणि तिच्यापुढे आणखी 3 मीटर बांधायला काहीच लागत नाही, असे बिल्डरने खात्रीने सांगितले होते. खरेदीच्या वेळचे जुने नकाशे पाहिल्यावर लक्षात आले की एकूण वाढ 5 मीटर होते. जोडलेल्या घरासाठी 3 ते 6 मीटर (सुट्यासाठी 4 ते 8 मीटर) वाढीला आधी कौन्सिलची (स्थानिक प्रशासनाची) 'प्रायर अप्रूव्हल', म्हणजे पूर्वसंमती, घ्यावी लागते. त्यात शेजाऱ्यांना कळवले जाते आणि कौन्सिलला 42 दिवसांची मुदत असते. ही संमती काम सुरू झाल्यावर मागता येत नाही, म्हणून आम्ही तेवढे दिवस थांबलो. शेजाऱ्यांनी हरकत घेतली नाही आणि काम सुरळीत झाले.

बागेतील बांधकामाचे नियम वेगळे आहेत. ते एकमजली असावे, घराच्या दर्शनी भागाच्या पुढे नसावे आणि हद्दीपासून 2 मीटरच्या आत असल्यास त्याची एकूण उंची 2.5 मीटरपेक्षा जास्त नसावी. मूळ घराभोवतालच्या जागेपैकी निम्म्याहून अधिक जागा सर्व वाढीव बांधकामांनी मिळून व्यापता कामा नये. परंतु आपल्या बाबतीत मापांपेक्षा उपयोग महत्त्वाचा आहे. हे बांधकाम घराच्या वापराला पूरक असले पाहिजे: अवजारे ठेवणे, व्यायाम, छंद यांसाठी ते चालते, झोपण्याची खोली, स्नानगृह किंवा स्वयंपाकघर म्हणून नियमित वापर त्यात बसत नाही. आईवडिलांनी तिथे राहायचे असेल तर रीतसर परवानगीच मागावी लागेल.

आपले घर फ्लॅट असते तर ही सवलत मिळालीच नसती. कॉन्झर्व्हेशन एरियात (जुने स्वरूप जपण्यासाठी राखलेल्या भागात) ती आकसते, आणि काही भागांत कौन्सिलने 'आर्टिकल 4'च्या निर्देशाने, तर काही नव्या वसाहतींत मूळ परवानगीच्या अटींतूनच ती काढून घेतलेली असते. म्हणून कौन्सिलकडून 'लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट', म्हणजे बांधकाम कायदेशीर असल्याचा दाखला, घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन. ते सक्तीचे नाही, परंतु घर विकताना खरेदीदाराचा वकील हाच पुरावा मागतो. शिवाय 25 एप्रिल 2024 पासून विनापरवाना बांधकामावर कारवाई करण्याची मुदत 4 वर्षांवरून 10 वर्षे झाली आहे.

बिल्डिंग रेग्युलेशन्स (बांधकामाच्या सुरक्षिततेचे व दर्जाचे नियम) आणि सामाईक भिंतीचा 1996 चा कायदा या दोन गोष्टी प्लॅनिंगपासून पूर्णपणे स्वतंत्र आहेत. सेमी-डिटॅच्ड घरात शेजाऱ्यांच्या पायाजवळ खोदकाम होणार असेल, तर त्यांना किमान एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते.

आईवडिलांच्या खोलीविषयी एक सुचवतो. घराला जोडून केलेल्या वाढीत झोपण्याची खोली आणि स्नानगृह असायला हरकत नसते. पूरक उपयोगाची अट फक्त सुट्या बांधकामाला आहे. स्वयंपाकघराऐवजी, किंवा त्याच्यासोबत थोडी जागा काढून, त्यांची खोली तळमजल्यावर मागे जोडता येते का, हे आराखडा काढणाऱ्याला आधी विचारा. हिवाळ्याच्या रात्री त्यांना बाग ओलांडून घरात यावे लागणार नाही.