भाषण शिकायचंय? आधी बोलीची लाज सोड

बाळा, 'काय करायलास' म्हणताना आवाज बारीक करू नकोस. १९४८ पर्यंत मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, कचेरीत उर्दू चालायची. ते शब्द आपल्या बोलीत मुरले. त्यात अशुद्ध काही नाही.

नव्या पोरांची ठरलेली चूक म्हणजे माइक हातात आला की पुण्याची भाषा. मग 'न' की 'ण' यातच जीव अडकतो. पहिल्या भाषणात मी 'पाणी' शब्दावर थांबलो, घसा कोरडा पडला. समोर बसलेल्या आत्यालाही मी परका वाटलो.

सध्या एवढंच कर:
- भाषण आधी आईला ऐकव. तिला न कळलेली वाक्यं बदल.
- मोठ्यांसमोर मान खाली घालायची आपली सवय घरी ठीक. मंचावर शेवटच्या रांगेकडं बघ.
- कुणी हसलं तरी थांबू नको.

हातवारे नंतर बघू.