व्हॅल्यू क्वेरीत जाण्याआधी तिचा टाइप बघ

प्रिय दोस्ता,

तुझा क्वेरी बिल्डरचा, म्हणजे डेटाबेसच्या क्वेरी तयार करणारा, कोड वाचला, नीट लिहिलायस, सगळीकडे पॅरामीटर बाइंडिंग आहे (व्हॅल्यू क्वेरीच्या मजकुरात न जोडता वेगळी देणं) हे बघून बरं वाटलं. पण आलेली व्हॅल्यू कुठल्या टाइपची आहे (आकडा, स्ट्रिंग म्हणजे मजकूर, की ऑब्जेक्ट) हे तू कुठेच तपासत नाहीस आणि मला त्याचीच काळजी वाटते, म्हणून लिहितोय.

बाइंडिंगमुळे स्ट्रिंगमधला मजकूर एसक्यूएल म्हणून चालत नाही, बस एवढंच. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये टोकनचा (ओळख पटवणाऱ्या गुप्त कोडचा) कॉलम टेक्स्टचा असेल आणि रिक्वेस्टमधल्या जेसन डेटातून आकडा 0 आला, तर मायएसक्यूएल टोकनचाच आकडा करून बघतं आणि अक्षराने सुरू होणारं प्रत्येक टोकन 0 शी जुळतं, बाइंडिंग असूनही! मोंगोडीबी डेटाबेसमध्ये तर कुणी पासवर्डच्या जागी 'नल (म्हणजे रिकामं) नसलेलं काहीही' असा अर्थ होणारं ऑब्जेक्ट पाठवलं आणि तू ते तसंच फाइंड या शोधायच्या फंक्शनला दिलंस की झालं, समोरचा आत.

सगळ्यात घातक म्हणजे अनडिफाइंड, म्हणजे व्हॅल्यू दिलेलीच नसणं. प्रिझ्मा या डेटाबेस लायब्ररीत डिफॉल्ट सेटिंगवर आयडी अनडिफाइंड गेला तर ती अट गाळलीच जाते, म्हणजे डिलीट-मेनी (अटीत बसणारे सगळे रेकॉर्ड उडवणारं फंक्शन) अख्खं टेबल साफ करतं आणि एररसुद्धा येत नाही. टाइप तपासायला टाइपस्क्रिप्ट आहे की, असं म्हणशील, पण त्याचे टाइप कंपाइल झाल्यावर उरतच नाहीत रे, रिक्वेस्ट येते ती रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना.

म्हणून चेक बिल्डरच्या फंक्शनमध्ये अगदी सुरुवातीला टाक, कॉल करणाऱ्यावर सोडू नकोस, तो कधीतरी विसरतोच. टाइप जुळला नाही तर सरळ टाइप-एरर फेक, त्यात आर्ग्युमेंटचं नाव आणि आलेला टाइप लिही, व्हॅल्यू मात्र नको, नाहीतर पासवर्ड लॉगमध्ये जातील. गुपचूप कन्व्हर्ट करायच्या फंदात पडू नकोस, पार्स-इंट हे मजकुराचा आकडा करणारं फंक्शन '12abc' चे बिनधास्त 12 करून देतं आणि तू भलत्याच रेकॉर्डवर जातोस. पायथनमध्ये लिहिशील तेव्हा बूलियन (ट्रू किंवा फॉल्स) वेगळा तपास, कारण तिथे ट्रू हा इंटिजरच धरला जातो. ऑर्डर-बायच्या, म्हणजे क्रम लावायच्या, कॉलमचं नाव बाइंड होतच नाही, त्याला ठरलेल्या नावांची यादी ठेव.

आधी डिलीट आणि अपडेटची फंक्शन्स घे, सिलेक्ट नंतर. प्रत्येकाला नल, अनडिफाइंड, रिकामा अ‍ॅरे, ऑब्जेक्ट देऊन टेस्ट लिही आणि मला रिव्ह्यूला पाठव, मी लगेच बघतो.