जिओकॅशिंगसाठी स्वतंत्र जीपीएस यंत्र घ्यावे, की फोन पुरेसा आहे?

तुम्ही विचारले आहे की, नुकतेच ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळ राहायला आलो आहोत, दोन मुलांना घेऊन जिओकॅशिंग (म्हणजे इतरांनी लपवलेले डबे अक्षांश-रेखांशांवरून शोधून आतल्या कागदावर नाव लिहिण्याचा खेळ) सुरू करायचे आहे, तर हातात धरायचे जीपीएस यंत्र विकत घ्यावे की फोनवर भागेल, आणि बरोबर आणखी काय सामान ठेवावे. आमच्या घरात गेली अनेक वर्षे गणपतीला, दिवाळीच्या फराळाला आणि एकदा तर एका डोहाळजेवणातही ह्याच प्रश्नावर वाद झालेला आहे. त्या वादातला एक पक्ष मी स्वतः असल्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका. दुसरा पक्ष म्हणजे माझे साडू. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत, हिल्सबरोमध्येच आमच्यापासून दहा मिनिटांवर राहतात, आणि ‘खिशात फोन असताना हे डबडे कशाला?’ हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवले आहे की माझ्या मुलांनाही त्यांची नक्कल करता येते.

ते ज्याला डबडे म्हणतात ते गार्मिनचे ईट्रेक्स २० आहे. बॅटऱ्यांसकट वजन जेमतेम १४० ग्रॅम, दोन साध्या एए बॅटऱ्या, सव्वादोन इंचांचा पडदा, आणि उजव्या कोपऱ्यात अंगठ्याने हलवायची एक छोटी दांडी. हा पडदा भर उन्हात फोनपेक्षा स्पष्ट दिसतो, आणि दांडी असल्यामुळे हातमोजे घालूनही यंत्र चालवता येते. ह्या दोन गोष्टींचे महत्त्व दुकानात उभे राहून कळत नाही.

आता ती गोष्ट सांगतो, जी साडू नेहमी अर्धीच सांगतात.

२०१४ सालच्या नोव्हेंबरमधला शनिवार होता. हायवे ६ वरून टिलामूकच्या सरकारी जंगलात, विल्सन नदीच्या बाजूला, एक मल्टी-कॅश, म्हणजे टप्प्याटप्प्याने शोधायचा डबा, करायचे आम्ही ठरवले होते. मी, माझी अकरा वर्षांची मुलगी, साडू आणि त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा असे चौघे होतो. त्या जंगलात १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१ असे दर सहा वर्षांनी मोठे वणवे लागले होते, आणि आज तिथे दिसणारी डग्लस फरची झाडे बहुतांशी नंतर मुद्दाम लावलेली आहेत. त्यामुळे झाडे सगळी एका उंचीची, एका वयाची आणि दाट आहेत, आणि त्यांच्यामध्ये जुन्या राक्षसी झाडांचे जळके बुंधे शेवाळ पांघरून बसलेले आहेत. डबा लपवायला ह्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि शोधायला ह्यापेक्षा वाईट नाही.

पहिला टप्पा सोपा होता. वणव्यांची माहिती देणाऱ्या फलकावरच्या सालांमधून अंक काढायचे, त्यांची बेरीज-वजाबाकी करायची आणि शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश मिळवायचे. मुलांनी गणित केले, मी पुन्हा तपासले, आणि अक्षांशाचे मिनिट ३५.४६० तर रेखांशाचे मिनिट २७.२१० असे उत्तर आले. ते मी यंत्रात घातले आणि बाणामागे चालायला लागलो. वाट लवकरच सोडावी लागली, तेव्हाच खरे तर मला शंका यायला हवी होती, कारण मुलांना घेऊन जाता येईल अशा श्रेणीचा तो डबा होता आणि आम्ही कमरेएवढ्या नेच्यांतून, आडव्या पडलेल्या ओंडक्यांवरून, पावसात चढत होतो. मात्र हातातल्या यंत्रावर विश्वास ठेवण्याचा अभिमान एकदा अंगात शिरला की डोळे काय सांगतात ते ऐकू येत नाही. आम्ही तिथे पावणेदोन तास शोधले. प्रत्येक बुंध्याखाली काठी घालून पाहिली. साडू जीन्स घालून आले होते, ती गुडघ्यापर्यंत भिजून जड झाली होती, आणि त्यांचे बोलणे हळूहळू एकेका शब्दावर आले होते.

शोध लावला तो माझ्या मुलीने. एका ओंडक्यावर बसून चकली खाता खाता तिने यंत्र हातात घेतले, पडद्यावरचे पाणी बाहीने पुसले आणि विचारले, “बाबा, इथे शेवटी दोन रेघा का आहेत? कागदावर तर एकच आहे.”

महिन्यापूर्वी मी दिवाळीसाठी पुण्याला गेलो होतो आणि मित्रांबरोबर पाचनईच्या बाजूने हरिश्चंद्रगड केला होता. वाटेतल्या फाट्यांचे आकडे एका मित्राने अंश, मिनिट आणि सेकंद अशा पद्धतीने लिहून दिले होते, म्हणून मी यंत्राची मांडणी तशी बदलली आणि परत आल्यावर ती पूर्ववत करायला विसरलो. जिओकॅशिंगमध्ये सगळीकडे अंश आणि दशांश मिनिटे वापरतात. मिनिटापुढे एक रेघ असते आणि सेकंदापुढे दोन. ३५.४६० मिनिटे म्हणजे ३५ मिनिटे २७.६ सेकंद. मी तेच अंक ओळीने भरत गेलो आणि यंत्राने ते ३५ मिनिटे ४६.० सेकंद असे घेतले. फरक १८.४ सेकंदांचा, म्हणजे उत्तरेकडे सुमारे ५७० मीटर. रेखांशातही तशीच चूक होऊन पश्चिमेकडे १८० मीटर वाढले. डबा होता तिथून आम्ही सरळ रेषेत जवळजवळ ६०० मीटर दूर, वेगळ्याच उतारावर, शेवाळ उचकत बसलो होतो. दशांशातले पहिले दोन अंक साठ किंवा त्याहून मोठे असते तर यंत्राने ते घेतलेच नसते, कारण सेकंद साठच्या वर जात नाहीत, आणि माझी चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. पहिल्या टप्प्याचा आणि गाडी लावायच्या जागेचा बिंदू मी घरूनच संगणकावरून फाइलने भरला होता. फाइलने आलेल्या बिंदूला पडद्यावरच्या मांडणीने काही फरक पडत नाही, त्यामुळे तोपर्यंत सगळे बरोबर जुळत होते.

साडूंची गोष्ट इथे संपते. ‘ह्यांच्या डबड्याने आम्हाला अर्धा किलोमीटर चुकीच्या डोंगरावर चढवले’ असे म्हणून ते मोदकाकडे वळतात. वास्तविक यंत्राने आम्हाला मी सांगितलेल्या जागी, अगदी काही मीटरच्या आत, नेऊन उभे केले होते. चुकीचा पत्ता देऊन पोस्टमनला दोष देण्यासारखे हे आहे.

आता ते जे सांगत नाहीत ते ऐका. नोव्हेंबरच्या मध्यात आपल्याकडे पावणेपाचच्या आधी सूर्य मावळतो, आणि त्या झाडीत तो त्याच्याही आधी मावळतो. आमच्या लक्षात चूक आली तेव्हा सव्वाचार वाजले होते. साडूंनी ‘आता मी बघतो’ म्हणून फोन काढला. त्या भागात नेटवर्क नाही, आणि नकाशा त्यांनी आधी उतरवून ठेवलेला नव्हता, त्यामुळे करड्या रंगाच्या रिकाम्या चौकोनात एक निळा ठिपका तेवढा दिसत होता. इथे एक गैरसमज दूर करतो: नेटवर्क नसले तरी फोनचे जीपीएस चालते, अडते ते नकाशाचे. मग पडद्यावर पावसाचे थेंब पडून फोन आपोआप भलतीकडे उघडायला लागला, ओल्या बोटांना तो जुमानेना, आणि थंडीत दहा मिनिटे बाहेर राहिल्यावर ३८ टक्के बॅटरी दाखवत असतानाच तो बंद पडला. त्यांनी तो काखेत धरून गरम करण्याचा प्रयत्न केला. हे दृश्य त्यांच्या गोष्टीत कधीच येत नाही.

ईट्रेक्सने सकाळपासूनची आमची पावले ठिपक्यांच्या रेघेने नोंदवून ठेवली होती. त्या रेघेवरून उलटे चालण्याची सोय त्यात आहे. एकच डोक्याला लावायचा दिवा, तो मी मुलीच्या डोक्याला लावला, आणि चौघेही एकमेकांच्या पाठीला हात लावून त्या रेघेवरून खाली उतरलो. पन्नास मिनिटांनी रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला. त्या दिवशीची ‘सापडले नाही’ ही नोंद मी खेळाच्या संकेतस्थळावर माझ्या नावावर केली, कारण चूक माझी होती. पुढच्या शनिवारी मी आणि मुलगी दोघेच गेलो. वाटेपासून वीस पावलांवर, देवदाराच्या जळक्या बुंध्याच्या पोकळीत, सालींच्या जरा जास्तच नीटनेटक्या ढिगाखाली, बंदुकीच्या गोळ्यांचा जुना लष्करी डबा होता. शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत. साडूंना बोलावले होते, ते आले नाहीत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर: शहरातल्या बागांमध्ये, वाचनालयांच्या आवारात आणि खांबांमागे चिकटवलेले डबे शोधायला फोन पुरेसा आहे आणि पहिले दोन-तीन महिने तेवढेच करा. मुलांना त्यात रस वाटतो की नाही हे कळण्याआधी यंत्रावर पैसे घालणे हा मूर्खपणा आहे. पण कोस्ट रेंजचे डोंगर, माउंट हूडचा परिसर किंवा कोलंबिया नदीच्या घळीच्या, म्हणजे गॉर्जच्या, वरच्या वाटा ह्यांत जाणार असाल तर स्वतंत्र यंत्र घ्या, आणि बटणांचे घ्या. टचस्क्रीनचे महागडे यंत्र घेणे म्हणजे फोनचे सगळे दोष दुसऱ्यांदा विकत घेणे आहे. माझ्या यंत्रात चुंबकीय होकायंत्र नाही, त्यामुळे थांबल्यावर बाण दिशा सोडून गरगरतो; त्याच मालिकेतल्या ईट्रेक्स ३० मध्ये ते आहे, आणि आज पुन्हा घ्यायचे झाले तर मी होकायंत्र असलेलेच घेईन. अर्थात कुठलेही यंत्र तुम्हाला डब्यावर बोट ठेवून देणार नाही. उघड्या आकाशाखाली तीन ते पाच मीटर आणि ओल्या दाट झाडीत दहा मीटर किंवा जास्त चूक धरूनच चालावे, शिवाय ज्याने डबा लपवला त्याच्या मोजणीतलीही चूक त्यात मिसळते. दहा मीटरच्या आत आलात की यंत्र खिशात ठेवा आणि ‘मी असतो तर कुठे लपवला असता’ असा विचार करा. ह्या बाबतीत मुले आपल्यापेक्षा हुशार असतात.

सामानाबद्दल फार लिहीत नाही, कारण लोक त्यावर उगीच खर्च करतात. पेन्सिल ठेवा, ओल्या कागदावर पेन उमटत नाही. नखाएवढ्या डब्यांतली कागदाची गुंडाळी काढायला चिमटा लागतो. जाड हातमोजे हवेतच, कारण इथली ‘हिमालयन’ ब्लॅकबेरी, जी नावाने हिमालयातली पण मूळची आर्मेनियाकडची आहे, ती काटेरी जाळी करून नेमकी डब्यांभोवतीच वाढते असे मला वाटते. सुती कपडे आणि जीन्स नकोत. प्रत्येकाला स्वतंत्र दिवा द्या, तो धडा मी शिकलो. बॅटऱ्या लिथियमच्या घ्या, थंडीत त्या टिकतात, मात्र यंत्रात बॅटरीचा प्रकार बदलून ठेवा, नाहीतर शिल्लक चुकीची दिसते. नोव्हेंबरमध्ये एल्कच्या (इथल्या मोठ्या हरणाच्या) शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक नारिंगी टोपी घालायला विसरू नका.

पोर्टलंडला आला आहात तर बीव्हरक्रीकला एकदा जाच. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, शंभर मीटरचा अंदाज एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आला, आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर ह्यांनी तिथे एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. पुस्तके, गलोल, बीन्सचा डबा असा ऐवज त्यात होता. ह्या खेळाची सुरुवात तिथली. गंमत म्हणजे आजच्या नियमांत जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जमिनीत पुरणे आणि खाद्यपदार्थ ठेवणे ह्या दोन्हींना मनाई आहे. आता तिथे एक पाटी आहे. साडूंना मी ती दाखवायला नेले होते. पाऊण तासाचा प्रवास करून पाटी वाचायला आणल्याबद्दल त्यांनी मला अजून क्षमा केलेली नाही.

एक-दोन गोष्टी राहिल्या. हल्लीचे काही फोन दोन वारंवारितांवर संकेत घेतात आणि अचूकतेत माझ्या जुन्या यंत्राला मागे टाकतात, हे मी कबूल करतो. माझा आक्षेप पडद्याला आणि बॅटरीला आहे. नकाशा घरीच उतरवून घेतलात आणि खिशात पॉवर बँक ठेवलीत तर साडूंचे म्हणणे बरेचसे खरे ठरते, पण हे त्यांना कळवायची गरज नाही. दुसरे, उपग्रहावरून संदेश पाठवणारे इनरीचसारखे यंत्र घेतलेत तर ते सुट्टीत भारतात नेऊ नका. तिथे ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही आणि डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला त्यावरूनच अडवले होते.

माझे ईट्रेक्स अजून चालते. कडेचे रबर सुटले आहे, ते मी गोंदाने चिकटवले आहे. विकत घेण्याआधी वापरून पाहायचे असेल तर कळवा, महिनाभर नेऊ शकता. त्यातली मांडणी अंश आणि दशांश मिनिटे अशी लावून ठेवलेली आहे आणि तिच्या वर माझ्या मुलीने चिकटपट्टीवर ‘एकच रेघ’ असे लिहिले आहे. ती पट्टी काढू नका.